रक्त आपले, प्रश्न तज्ज्ञांचे

रुग्णालयात दाखल होताना किंवा शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आपल्यापुढे काही छापील कागद ठेवले जातात. परिचारिका घाईत असते, आपण चिंतेत असतो. जेथे फुली केलेली असते तेथे आपण सही करतो. त्या कागदावर कधीकधी एक लहानसे वाक्यही असते : तपासणीनंतर उरलेला रक्ताचा वा पेशींचा नमुना संशोधनासाठी वापरण्यास माझी हरकत नाही. हे वाक्य किती जण वाचतात? वाचणाऱ्यांपैकी किती जण त्याचा अर्थ विचारतात? आणि विचारलेच, तर उत्तर देण्याइतकी सवड समोरच्या माणसाला असते काय?

आजच्या लेखाचा विषय या एका वाक्यापासून सुरू होतो. विषय किचकट वाटेल, परंतु तो प्रयोगशाळेत राहिलेला नाही, आपल्या घरात आला आहे. म्हणून वाचकांनी थोडा धीर धरून तो समजून घ्यावा, ही विनंती.

जैवपेढी म्हणजे काय?

रक्तपेढी आपल्या परिचयाची आहे. चर्चच्या आवारात रक्तदान शिबिरे भरतात, आपण रक्त देतो आणि ते कुणा रुग्णाच्या शरीरात जाते. जैवपेढी, म्हणजे बायोबँक, ही त्याहून निराळी. येथे रक्त, लाळ वा गाठीचा तुकडा अतिथंड तापमानात वर्षानुवर्षे जपून ठेवतात. त्याच्याशी त्या व्यक्तीचे वय, आजार, औषधे, सवयी यांची माहिती जोडली जाते. मधुमेह, कर्करोग, हृदयविकार, विस्मृती अशा व्याधींची मुळे शोधायची तर एकदोन नव्हे, लाखो माणसांची अशी माहिती एकत्र लागते. औषधशास्त्राला या पेढ्यांनी मोठे बळ दिले आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे.

परंतु रक्तदान आणि हे दान यांत एक मूलभूत फरक आहे. दिलेले रक्त एकदा वापरले की संपते. जैवपेढीतला नमुना संपत नाही. आज मधुमेहासाठी घेतलेला नमुना वीस वर्षांनी कोणत्या प्रश्नासाठी वापरला जाईल, हे आज कोणीही सांगू शकत नाही. शिवाय जनुकीय माहिती एकट्याची नसते. ती भावंडांची असते, मुलांची असते आणि काही अंशी संपूर्ण समाजाचीही असते. म्हणूनच 'लोकांना विचारा, लोकांचा सहभाग घ्या' अशी मागणी गेली तीस वर्षे जगभर होत आहे. सहभाग घेतलाही जातो. मात्र तो कधी, कोणाचा आणि कोणत्या प्रश्नावर घ्यायचा, हे बहुधा तज्ज्ञच ठरवतात. आपल्याला खोलात जाऊन पाहायचे आहे ते हे.

आइसलँडचा धडा

उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलँड हा चिमुकला देश. १९९८ च्या सुमारास त्याची लोकसंख्या होती पावणेतीन लाखांच्या आसपास. वंशावळी जपण्याची तेथे जुनी परंपरा आहे आणि आरोग्याच्या नोंदीही उत्तम ठेवलेल्या. कारी स्टेफान्सन या मज्जासंस्थातज्ज्ञाने १९९६ मध्ये तेथे 'डीकोड जेनेटिक्स' ही कंपनी स्थापन केली. देशातील सर्व नागरिकांच्या वैद्यकीय नोंदींचा एकच संगणकीय संग्रह उभारावा आणि त्याची वंशावळी व जनुकीय माहितीशी सांगड घालावी, अशी ही कल्पना होती.

यासाठीचे विधेयक १९९८ च्या वसंतात संसदेत आले. आक्षेप उठल्यावर ते सुधारण्यात आले आणि १७ डिसेंबर १९९८ रोजी ३७ विरुद्ध २० मतांनी मंजूर झाले. त्यातील कळीचा मुद्दा संमतीचा होता. नागरिकाने स्वतःहून लेखी नकार कळवला नाही, तर त्याची संमती आहे असे समजले जाणार होते. वर्तमानपत्रांत, दूरचित्रवाणीवर, गावोगावच्या सभांत भरपूर चर्चा झाली. जनमत चाचण्यांत बहुसंख्य लोक अनुकूल होते. देशातील वैद्यकीय संघटनेने मात्र विरोध केला, 'मानवेर्न्ड' नावाची नागरिकांची संस्था उभी राहिली आणि सुमारे वीस हजार लोकांनी नकाराचे अर्ज भरले. जानेवारी २००० मध्ये कंपनीला बारा वर्षांचा परवाना मिळाला.

मग एक तरुणी न्यायालयात गेली. तिचे म्हणणे साधे होते : माझे वडील वारले आहेत, ते आता नकार देऊ शकत नाहीत. परंतु त्यांच्या नोंदींवरून माझ्याविषयी अनुमाने काढता येतील, म्हणून त्या नोंदी संग्रहात जाऊ नयेत. नोव्हेंबर २००३ मध्ये आइसलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. तो राष्ट्रीय संग्रह पुढे कधीच उभा राहिला नाही. कंपनीने २००९ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि २०१२ च्या अखेरीस अमेरिकेतील 'अ‍ॅमजेन' या औषध कंपनीने ४१.५ कोटी डॉलर्सना ती विकत घेण्याचा करार केला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. चर्चा झाली नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. चर्चा पुष्कळ झाली, परंतु ती झाली आधीच बेतलेल्या आराखड्यावर. लोकांपुढे 'हो' किंवा 'नाही' एवढाच प्रश्न होता. 'असा संग्रह हवा असेल तर तो कोणाच्या ताब्यात असावा', हा प्रश्न त्यांच्यापुढे मोकळेपणाने कधी आलाच नाही. जी अडचण साऱ्या तज्ज्ञसमित्यांच्या नजरेतून निसटली, ती एका मुलीने वडिलांच्या आठवणीतून ओळखली.

२०१४ मध्ये याच कंपनीने सुमारे एक लाख नागरिकांना गालाच्या आतील पेशींचा नमुना देण्याची पाकिटे पाठवली. ती गोळा करायला घरोघरी गेले बर्फात अडकलेल्यांना वाचवणाऱ्या बचावपथकाचे स्वयंसेवक, आणि प्रत्येक नमुन्यामागे पथकाला देणगी मिळणार होती. ज्याने उद्या आपला जीव वाचवायचा, तो दारात उभा असताना 'मला विचार करू द्या' असे म्हणणे किती जणांना जमेल? तेथे कोणीही जबरदस्ती केली नाही. तरीही नकार देणे अवघड व्हावे, अशीच ती रचना होती.

ब्रिटनमधील सल्लामसलत

ब्रिटनने हे प्रकरण पाहिले होते आणि शहाणपणाने पावले टाकली. 'यूके बायोबँक' या प्रकल्पात २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाच्या पाच लाख लोकांनी नमुने दिले, तेही प्रत्यक्ष संमतीने. त्याआधी, २००० पासूनच, लोकांशी सल्लामसलतीच्या फेऱ्या झाल्या. नैतिकतेचा आराखडा तयार झाला आणि देखरेखीसाठी २००४ मध्ये स्वतंत्र परिषद स्थापन झाली. पुढे त्या परिषदेची जागा सल्लागार समितीने घेतली. आज जगभरातील संशोधक या पेढीतील माहिती वापरतात, आणि तिचे यश नाकारता येणार नाही.

तरीही ब्रिटिश संसदेच्या विज्ञानविषयक समितीने २००३ मध्ये या सल्लामसलतीवर कडक शेरा मारला. प्रकल्पाची उद्दिष्टे व पद्धती यांविषयी खरीखुरी सहमती घडवण्यापेक्षा, ठरलेल्या योजनेला पाठिंबा मिळवण्यासाठी ही सल्लामसलत वरून जोडल्यासारखी वाटते, असा त्याचा आशय होता. सार्वजनिक पैसा अशा पेढीवर खर्च करावा की गरीब वस्त्यांतील आरोग्यसेवेवर, हा प्रश्न त्या सभांच्या विषयपत्रिकेवर नव्हता. नमुने कसे जपावेत, नावे कशी लपवावीत, यावर मात्र लोकांची मते अगत्याने विचारली गेली.

आणखी एक बाब. निमंत्रणे सुमारे ९२ लाख लोकांना गेली, त्यांतले साडेपाच टक्केच आले. जे आले ते सरासरीपेक्षा अधिक निरोगी आणि सुस्थितीतले होते. थकलेला, दोन पाळ्यांत राबणारा, इंग्रजी नीट न येणारा माणूस तेथे कमीच पोहोचला. नोव्हेंबर २०२३ मध्ये या पेढीची माहिती विमा क्षेत्रातील कंपन्यांनाही मिळाल्याचे वृत्त ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाले. ओळख काढून टाकलेली माहिती आरोग्यविषयक संशोधनासाठीच दिली जाते, असे सांगून प्रकल्पाने आरोप फेटाळले. नियमांत ते बसत असेलही. पण नमुना देताना आपल्याला काय सांगितले होते, याची दात्यांची आठवण आणि नियमाचा अर्थ यांत अंतर पडले, हे त्या वादावरून दिसले.

त्याच देशात 'केअर डॉट डेटा' ही योजना त्याहून वाईट रीतीने कोसळली. डॉक्टरांकडील नोंदी एकत्र करण्याच्या या योजनेची माहिती २०१४ च्या आरंभी घरोघरी पत्रक टाकून दिली गेली. अनेकांना ते मिळाल्याचे आठवतही नव्हते. फेब्रुवारी २०१४ मध्ये योजना थांबली आणि २०१६ मध्ये गुंडाळली गेली. पत्रक दाराच्या फटीतून आत सरकवले म्हणजे लोकांना विश्वासात घेतले, असे होत नाही.

तज्ज्ञांचा हात कोठे असतो?

या उदाहरणांवरून चार गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, वेळ. मत विचारले जाते तेव्हा मुख्य निर्णय बहुधा झालेला असतो. दुसरी, प्रश्न. 'कसे करावे' हे लोकांना विचारतात, 'करावे काय आणि कोणासाठी' हे आपल्याकडे ठेवतात. तिसरी, निमंत्रितांची यादी. ज्यांना सवड आहे, भाषा आहे, आत्मविश्वास आहे, त्यांनाच 'जनता' मानले जाते. चौथी, शब्द. 'दाता', 'देणगी', 'भावी पिढ्या' हे शब्द उदात्त आहेत आणि म्हणूनच प्रभावी आहेत. रक्तदान हे श्रेष्ठदान मानणाऱ्या समाजात 'दान' हा शब्द उच्चारला की पुढचा प्रश्न विचारणे हलकेपणाचे वाटू लागते.

या सगळ्यामागे एक समजूत असते. लोक शंका घेतात कारण त्यांना विज्ञान कळत नाही, ज्ञान दिले की शंका मावळेल, ही ती समजूत. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी ती खोडून काढली. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या दुर्घटनेनंतर इंग्लंडमधील कंब्रिया भागात किरणोत्सारी पाऊस पडला आणि मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली. ती तीन आठवड्यांत उठेल, असे शास्त्रज्ञांनी सांगितले. त्यांचे अनुमान चिकणमातीच्या जमिनीवर आधारलेले होते, त्या डोंगरांवरची माती निराळी होती. मेंढपाळांना आपली कुरणे ठाऊक होती, परंतु त्यांना कोणी विचारले नाही. काही शेतांवर ते निर्बंध २०१२ पर्यंत राहिले. त्या मेंढपाळांचा अविश्वास अज्ञानातून आलेला नव्हता, अनुभवातून आलेला होता.

ज्यांना विचारलेच नाही

अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन परिसरात हवासुपाई हा छोटा आदिवासी समाज राहतो. मधुमेहाने ग्रासलेल्या या लोकांनी १९९० पासून अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्ताचे नमुने दिले. आपल्या आजारावर काही उपाय सापडेल, ही त्यांची आशा. पुढे त्याच नमुन्यांवर मानसिक आजार, आप्तविवाह आणि त्यांच्या पूर्वजांचे स्थलांतर यांविषयीही संशोधन झाले. २००३ मध्ये हे उघडकीस आले. आपला उगम या दरीतच झाला, ही त्यांची श्रद्धा आहे. त्यांच्याच रक्ताचा उपयोग तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून झाला, हे दुःख त्यांना पैशांहून मोठे होते. २०१० मध्ये तडजोड झाली : समाजातील ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर्स आणि उरलेले नमुने परत.

दक्षिण आफ्रिकेतील सान लोक, ज्यांच्यावर जनुकशास्त्रज्ञांनी पुष्कळ अभ्यास केला, त्यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. २०१७ मध्ये त्यांनी स्वतःची संशोधन-आचारसंहिता जाहीर केली. आमच्याकडे याल तर आदराने या, खरे बोला, न्यायाने वागा, आमची काळजी घ्या आणि ठरलेल्या रीतीने परवानगी घ्या, असा तिचा गाभा आहे. विद्यापीठाने विचारण्याची वाट न पाहता त्यांनी आपली भूमिका आधीच लिहून ठेवली.

तज्ज्ञांवर अन्याय नको

असे असले, तरी तज्ज्ञांना खलनायक ठरवणे सोपे आणि चुकीचे आहे. ज्ञान त्यांच्याकडे आहे, आणि प्रत्येक प्रश्न मतदानाने सुटत नाही. अतिसावधगिरीनेही माणसे दगावतात. आइसलँडमध्येच स्तनांचा कर्करोग ओढवणारा एक जनुकीय दोष कोणाकोणात आहे, हे कंपनीला आपल्या माहितीवरून ओळखता येत होते. परंतु संमती नसल्याने त्या व्यक्तींना कळवता येत नव्हते. वर्षानुवर्षे वाद झाला. अखेर २०१८ मध्ये अशी सोय झाली की, ज्याला जाणून घ्यायचे आहे त्याने स्वतः विचारावे. जाणण्याचा अधिकार आणि न जाणण्याचा अधिकार, दोन्ही राखले गेले. परंतु मधल्या काळात ज्यांना वेळेवर कळले असते तर उपचार घेता आले असते, त्यांचे काय, हा प्रश्न मनाला टोचत राहतो.

चांगल्या मार्गाची उदाहरणेही आहेत. कॅनडातील व्हँकुव्हर येथे २००७ मध्ये वीसएक सामान्य नागरिक दोन शनिवार-रविवार एकत्र बसले. त्यांनी तज्ज्ञांना ऐकले, उलट प्रश्न केले, आपसांत वाद घातला. जैवपेढ्यांना त्यांनी पाठिंबा दिला, पण देखरेख पेढी चालवणाऱ्यांपासून स्वतंत्र असावी, असे सांगितले. काही मुद्द्यांवर त्यांचे एकमत झाले नाही, आणि तो मतभेद तसाच नोंदवला गेला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने त्याच वर्षी असा प्रयोग केला आणि पुढे नागरिकांचे कायमस्वरूपी सल्लागार मंडळ नेमले. एका सभेत लोकांना बोलावून परत पाठवण्यापेक्षा त्यांना कायमची खुर्ची देणे हे कितीतरी चांगले. २०२४ मध्ये सुधारलेल्या हेलसिंकी जाहीरनाम्यानेही संशोधनाच्या आधी, संशोधन चालू असताना आणि नंतर समाजाशी अर्थपूर्ण संवाद असावा, असे म्हटले आहे.

आपण कोठे आहोत?

भारतात 'जीनोम इंडिया' या राष्ट्रीय प्रकल्पाने देशभरातील दहा हजारांच्या आसपास व्यक्तींची जनुकीय माहिती उलगडली. जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती फरिदाबाद येथील केंद्रातून संशोधकांसाठी खुली झाली. आजवर जगातील बहुतेक जनुकीय माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची होती. त्यामुळे हे काम भारतीय रुग्णांसाठी मोलाचे आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात कर्करोगाच्या नमुन्यांचे संग्रहालय पूर्वीपासून आहे.

आपल्या ख्रिस्ती समाजाचाही येथे थेट संबंध आहे. २०२१ मध्ये हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राच्या शास्त्रज्ञांनी गोवा, कुमठा व मंगळूर येथील रोमन कॅथलिक समाजाचा जनुकीय इतिहास प्रसिद्ध केला. अभ्यासातील व्यक्ती होत्या ११०. गौड सारस्वतांशी असलेले जवळचे नाते त्यातून दिसून आले. संशोधन रंजक आहे आणि त्यात वावगे काही नाही. परंतु विचार करा : नमुने ११० व्यक्तींचे, निष्कर्ष मात्र लक्षावधी लोकांच्या समाजाविषयी. 'तुमचे पूर्वज कोण' हा विषय आपल्या देशात केवळ कुतूहलाचा राहत नाही, तो जातीचा आणि राजकारणाचाही होतो. व्यक्तीने सही दिली, समाजाला कोणी विचारायचे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत जैवपेढ्यांविषयी स्वतंत्र विभाग आहे आणि समाजाशी संवाद साधण्याचा आग्रहही आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र विहित मानके पाळून केलेल्या संशोधनाला सवलत आहे. ती मानके कोण ठरवणार आणि त्या टेबलाभोवती नमुना देणाऱ्यांपैकी कोणी असणार काय, हे नागरिकांनी विचारले पाहिजे. कॅथलिक सामाजिक शिकवणुकीत एक जुने तत्त्व आहे. १९३१ च्या 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या परिपत्रकात पोप अकरावे पायस यांनी ते मांडले : जे काम लहान समूह स्वतः करू शकतो, ते मोठ्या संस्थेने त्याच्याकडून काढून घेऊ नये. हे तत्त्व येथे चपखल लागू पडते. जनुकांचे विश्लेषण गाव करू शकत नाही, परंतु आपल्या रक्ताचा वापर कशासाठी व्हावा याचा विवेक गाव निश्चित करू शकते.

मग आपण करावे तरी काय? नमुने देण्यास सरसकट नकार देणे हा उपाय नव्हे. आजारी भावंडांसाठी आपले काही उपयोगी पडत असेल, तर ते देणे चांगलेच. पण सही करण्यापूर्वी पाच गोष्टी विचाराव्यात. हा नमुना किती वर्षे राहील? तो इतर कोणाला दिला जाईल, खासगी कंपनीलाही? माझ्या आरोग्याविषयी गंभीर काही आढळले तर मला कळवाल काय? मी पुढे संमती मागे घेतली तर नमुन्याचे काय होईल? आणि हे सारे मराठीत लिहून मिळेल काय?

याहून महत्त्वाची एक संधी आहे. मान्यताप्राप्त संशोधन करणाऱ्या प्रत्येक संस्थेत नैतिकता समिती असते, आणि नियमानुसार तिच्यात डॉक्टर वा शास्त्रज्ञ नसलेली एक सामान्य व्यक्तीही असावी लागते. पुष्कळदा ही खुर्ची एखाद्या परिचिताला बसवून भरली जाते, आणि तो गप्प राहतो. आपल्या धर्मग्रामांत निवृत्त शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, सहकारी पतपेढ्यांचे हिशेब वर्षानुवर्षे तपासलेल्या महिला आहेत, शेतकरी आणि मच्छीमार संघटना चालवलेले कार्यकर्ते आहेत. त्यांनी अशा समित्यांवर जाण्याची तयारी दाखवावी. ख्रिस्ती रुग्णालयांनी तर ही खुर्ची मुद्दाम अशा माणसासाठी राखावी, जो न समजलेला शब्द पुन्हा विचारायला लाजत नाही. पॅरिश कौन्सिलच्या आरोग्य समितीने वर्षातून एकदा एखाद्या डॉक्टरला बोलावून या विषयावर चर्चा ठेवली, तरी आरंभ होईल. मात्र त्या सभेत पहिला तास लोकांच्या प्रश्नांचा असावा, व्याख्यान त्यानंतर.